पाच वर्षं जास्तीची

४ फेब्रुवारी

डॉक्टर,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही. 'उंट्या' लिहिलं तर तुला लहानपण आठवेल, आणि तेवढी सवलत आज तुला द्यायची नाही. म्हणून नुसतं डॉक्टर. अक्षर वाकडं आलं आहे, पेन खराब आहे.

तुझा फोटो पेपरात पाहिला. दवाखान्यातल्या शिपायाने कात्रण आणून माझ्या वहीवर ठेवलं. म्हणाला, "वहीवाल्या बाई, हे तुमचे भाऊ ना?" मी म्हटलं, "होते." बिचारा तू गेलास असं समजून माझं सांत्वन करायला लागला. मी त्याला अडवलं नाही.

मथळा असा: 'नरसंहारातून वाचलेले इतरांपेक्षा दीर्घायुषी'. खाली तुझं वाक्य: "जे वाचले ते मुळातच काटक होते. निसर्गाने त्यांची निवड केली होती." निसर्गाने? निसर्ग टेबल मांडून बसला होता का रे त्या आवारात, पुढ्यात वही घेऊन? आपल्या गल्लीतली सगळी माणसं काय नाजूक होती म्हणून मेली? कोपऱ्यावरच्या लोहाराला तू पाहिलं होतंस. तो दोन हातांनी गाडीचं चाक उचलायचा. पहिल्याच दिवशी मारला त्याला. आणि मी काटक! मला पावसाळ्यात दर आठवड्याला खोकला व्हायचा.

कात्रण आलं त्याच्या चौथ्या दिवशी आरोग्य खात्याची नोटीस आली. तुझ्या अभ्यासाचा हवाला आहे, तुझ्या नावासकट. वाचलेल्यांपैकी शंभरात बासष्ट जण सत्तरी गाठतात, बाकीच्या लोकांत शंभरात अठ्ठावन्न. म्हणजे ही माणसं ठणठणीत, मग त्यांना वेगळा दवाखाना हवा कशाला? सुनावणी २४ मार्चला. त्यानंतर कुलूप.

तू हा दवाखाना पाहिलेला नाहीस. दोन खोल्या, चार बाकं, एक वजनकाटा, एक क्ष-किरणांचं मशीन, एक शिपाई, एक डॉक्टरीणबाई आणि दाराशी वही घेऊन बसलेली मी. रोज शंभरावर माणसं येतात. मोठ्या इस्पितळात ती जात नाहीत. का जात नाहीत ते तुला सांगायला नको; किंवा सांगायलाच हवं, तू विसरला असशील. तिथे रांग असते. गणवेशातला माणूस नाव पुकारतो. कपडे काढून भिंतीला टेकून उभं राहा म्हणतो. आमची शिंपीणकाकू एकदा गेली आणि तिथल्या तिथे शुद्ध हरपून पडली. इथे डॉक्टरीणबाई स्वतः बाकावर येऊन शेजारी बसते, नाडी बघता बघता गप्पा मारते. ती म्हणते, वाढीच्या वयात उपाशी राहिलेली हाडं ही, खडूसारखी मोडतात. साठीच्या आत मणके बसतात, हृदयं मोठी होतात, वीटभट्टीच्या राखेने फुफ्फुसं गेलेली. यातलं काहीच तुझ्या मथळ्यात नाही.

आता मुद्द्याचं. तुझ्या सत्तरीच्या सत्काराची बातमीही होती खाली. शाल, टाळ्या, मोठ्ठा केक. सत्तर! मेल्या, तू पासष्टचा आहेस. मी सहासष्टची असताना माझा धाकटा भाऊ सत्तरचा कसा झाला हे तिथे कुणी विचारलं नाही?

तुला माहीत आहे कसा झाला. आईने आदल्या दिवशी सगळ्यांना बसवून घोटून घेतलं होतं. पाच वर्षं वाढवून सांगायची. बाराच्या आतली मुलं ट्रकमध्ये, बाराच्या वरची वीटभट्टीवर. मी दहाची ती पंधरा, तू नऊचा तो चौदा. तुझ्या बुटांत चिंध्या कोंबल्या. तू उंटासारखा वाढलेला, म्हणून खपलास. आणि एकटी आपलीच आई हुशार नव्हती. त्या रात्री प्रत्येक घरात प्रत्येक आईने हेच केलं. आकडा कुणी ठरवला कोण जाणे, पण सगळीकडे पाचच. पुढे सुटका झाली तेव्हा आपण कोण, केवढे, याचा एकच कागद जगात उरला होता: त्यांची ती वही. आपले दाखले त्यावरूनच झाले. मारायला बसलेल्यांचं अक्षर आपला जन्मदाखला ठरलं.

म्हणजे तुझ्या शंभरातले बासष्ट सत्तरीला पोचत नाहीत. पासष्टीला पोचतात. पाच वर्षं वजा कर आणि पुन्हा मांड. हे जगात दुसऱ्या कुठल्या डॉक्टरला कळलं नसतं, पण तुला कळायला हवं होतं. तूच त्यातला एक आकडा आहेस.

२४ मार्चच्या आत दोन ओळींचं पत्र पाठव: अभ्यासातली वयं खोटी आहेत, मी साक्षीदार आहे. एवढंच. बाकी माझं ठीक आहे.

ताई

२६ फेब्रुवारी

डॉक्टर,

तुझं उत्तर मिळालं. तीन ओळी, त्याही टाइप केलेल्या. "निष्कर्ष उपलब्ध नोंदींवर आधारलेले आहेत. नोंदी दवाखान्याकडून मिळाल्या. त्या नोंदी तूच नकलून पाठवल्या होत्यास." आणि खाली सही. आईच्या पत्रावरसुद्धा तू अशीच सही करायचास, पूर्ण नावाची, जणू ती तुला ओळखणार नाही.

बरं. वर्मावर बोट ठेवलंस. हो, मीच पाठवल्या. चार वर्षांपूर्वी तुझं पत्र आलं, सव्वीस वर्षांतलं पहिलं. नोंदी हव्या आहेत म्हणालास. मला वाटलं, याला आपली आठवण झाली. सात महिने बसून अकरा वह्या उतरवून काढल्या, लाल शाईने रेघा मारून. प्रत्येक नावापुढे वय लिहिलं. दोन हजारांवर नावं, आणि एकदाही पेन अडखळलं नाही. शिंपीणकाकू, वय अडुसष्ट. पेंटर, वय पासष्ट. पेंटर माझ्याहून दोन वर्षांनी लहान, मी त्याला हात धरून भट्टीवर न्यायची. तरी लिहिलं! स्वतःचंही तसंच लिहिलं. खोटं बोलतेय असं वाटलंच नाही. छप्पन्न वर्षं तेच वय सांगून ते अंगाला चिकटलं आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पण म्हणून तू सुटलास असं नाही. मी वही लिहिणारी बाई, चौथीपर्यंत शिकलेली. तू त्या आकड्यांवरून माणसं किती जगतात याचं शास्त्र मांडलंस. माझं नाव तुझ्या यादीत आलं असेल ना? ताई, सदुसष्ट. तेव्हा तरी खुर्चीत हलला असशील. की तेव्हाही उंटावरून शेळ्या हाकत होतास?

खरं सांग. तू चुकला नाहीस, तू गप्प बसलास. कारण त्या आकड्याला हात लावायचा तर आधी स्वतःचं वय सांगावं लागलं असतं, आणि ते कसं वाढलं तेही. तुझ्या बायकोला तू भट्टीवर होतास हे माहीत आहे का? मुलांना? पाठीवरच्या डागांचं काय सांगितलंस त्यांना, कांजिण्या?

तुझी वाट बघत बसणार नाही. कालपासून नवी वही सुरू केली आहे. चार रकाने: नाव, सांगितलेलं वय, खरं वय, साक्षीदार. खात्यातल्या साहेबाला फोन करून विचारलं, असं चालेल का. तो म्हणाला, प्रत्येक ओळीला दोन जिवंत साक्षीदार लागतील, तेव्हा ओळखणारे. वर म्हणतो, "बाई, या वयात कशाला त्रास घेता? दगडापेक्षा वीट मऊ. मोठ्या इस्पितळात सोय आहे की." मी म्हटलं, "साहेब, वीट मऊ असते हे डोक्यावरून वाहून बघितल्याशिवाय बोलू नका." फोन ठेवला त्याने.

पेनबद्दल लिहिलं होतं ते खोटं. जानेवारीत आठवी वही फळीवरून काढताना मनगट मोडलं. पडले नाही, आपटले नाही. नुसती वही उचलली. प्लास्टर निघालं आहे.

ताई

१५ मार्च

डॉक्टर,

तुला कळवायचं म्हणून नव्हे, कुणावर तरी ओरडायचं आहे म्हणून लिहितेय.

वहीत एकोणीस ओळी झाल्या आहेत. दोन हजारांपैकी एकोणीस! मला वाटलं होतं रांग लागेल. कुणी सांगायलाच तयार नाही. माणसं येतात, बाकावर बसतात, मी विचारते, "तेव्हा खरं वय काय होतं?" आणि त्यांचे चेहरे बदलतात. निवृत्त मास्तर, सगळ्या गल्लीला पाढे शिकवणारा, माझ्याकडे बघत म्हणाला, "मी चौदाचा होतो. चौदाचाच होतो." मी म्हटलं, "मास्तर, मी तुमच्या घरात खेळायला यायचे. तुमचे तेव्हा दुधाचे दात पडत होते." तर उठून गेला. त्याचं औषध टेबलावरच राहिलं.

शिंपीणकाकूंनी मला कोपऱ्यात घेतलं. "अगं, तू टेबलाशी बसतेस, वही उघडून वय विचारतेस. तुला कसं कळत नाही?" मला खरंच कळलं नव्हतं. तीस वर्षं मी दाराशी वही घेऊन बसते आहे, तेव्हा कुणी घाबरलं नाही, कारण मी ठरलेलं वय लिहीत होते.

मग मी टेबल काढून टाकलं. बाकावर माणसांच्या शेजारी बसायला लागले. वही पिशवीत ठेवते. आधी माझं सांगते: दहाची होते, खोकला होता, वेणीत निळी फीत होती. मग कुणी तरी हळूच म्हणतं, "मी आठचा." सांगताना सगळे आवाज खाली आणतात. सत्तरीतली, चुकले, पासष्टीतली माणसं दाराकडे बघून घेतात.

पेंटरने तर दोन आठवडे टोलवलं. त्याचा हात आता इतका कापतो की पाट्या रंगवणं सुटलं, पण तोंड कापत नाही. "ताई, बायकोला मी पाच वर्षांनी मोठा सांगून लग्न केलं. आता कळलं की तिच्याच वयाचा आहे, तर माझं ऐकेल का ती?" सगळा बाक हसला. मंगळवारी आला आणि स्वतःहून म्हणाला, "लिही. आठ." मी लिहिलं. साक्षीदार एक मी. दुसरा साक्षीदार मास्तर, आणि मास्तर यायला तयार नाही.

पेंटर शुक्रवारी गेला. खुर्चीत बसल्या बसल्या, हृदय बंद पडून. कागदावर एकोणसत्तर, खरं चौसष्ट. त्याची ओळ अपुरी राहिली. मी मास्तराच्या घरी गेले, दारातच उभी राहिले आणि जे तोंडाला आलं ते बोलले. सगळी गल्ली ऐकत होती. म्हटलं, जन्मभर पोरांना पाढे शिकवलेत, आणि आठाला तेरा म्हणताय! मास्तर रडायला लागला. मला दया आली नाही, खोटं कशाला सांगू. त्याच्या हातात पेन दिलं आणि सही घेतली.

साक्षीदार मरत चालले आहेत, उंट्या. एक माणूस गेला की चार ओळी अपुऱ्या राहतात. कात्रण फेकून दे, हे मोज.

ताई

२८ मार्च

उंट्या,

सुनावणी झाली. माझ्या तोंडून काय गेलं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते.

मोठी खोली, उंच खिडक्या. दारातून आत गेलं की पहिलं टेबल कारकुनाचं. शेहेचाळीस ओळी पिशवीत होत्या. डॉक्टरीणबाई क्ष-किरणांची चित्रं घेऊन शेजारी. मी काय बोलणार ते पाठ केलं होतं. कारकुनाने वही उघडली आणि मान वर न करता विचारलं, "नाव?" सांगितलं. "वय?"

आणि मी म्हणाले, "एकाहत्तर."

घडाघडा, मोठ्या आवाजात, आईने शिकवलं होतं तसं. डॉक्टरीणबाईने माझ्याकडे पाहिलं. कारकुनाने लिहिलं. मग आत गेल्यावर मी शेहेचाळीस ओळी वाचल्या, तेव्हा समितीचे अध्यक्ष कागद बघून म्हणाले, "बाई, दहा मिनिटांपूर्वी तुम्ही स्वतःच एकाहत्तर सांगितलंत. आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?" कुणी तरी हसलं. एवढी तोंडाळ मी, जिथे बोलायचं तिथे दातखीळ बसली.

अध्यक्ष वाईट नव्हते. म्हणाले, अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांनीच आकडे चुकले असं लिहून दिलं तर फेरमोजणी होईल. १० मेपर्यंत मुदत. नाही तर दवाखाना बंद.

म्हणजे सगळं तुझ्यावर येऊन ठेपलं. याचाच मला सर्वांत राग आहे. मरणाच्या दारातून आपण एकत्र आलो, आणि आता आम्ही जगतो की मरतो हे तुझ्या सहीवर!

तेव्हा आता तेही लिहिते, जे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही.

ठमी. तुला वाटतं ती बावळट होती म्हणून बोलली. तू एकदा आईला तसं म्हणालाही होतास, आणि त्यानंतर आपण बोललो नाही. तिघांतली शेंडेफळ, नुकतीच आठ पूर्ण झालेली. रांगेत आपल्या दोघांच्या मागे होती. मी पंधरा म्हणाले, तू चौदा म्हणालास, वहीवाल्याने मान वर केली नाही. ठमीने तेरा म्हटलं. म्हटलं होतं, उंट्या! मी ऐकलं. पण आवाज बारीक पडला. त्याने पेन खाली ठेवलं, तिच्याकडे बघितलं आणि अगदी मायेने विचारलं, "खरं सांग हं बाळ. किती?" आणि ती म्हणाली, आठ.

का म्हणाली? त्याच्या चार दिवस आधी तिने डब्यातली साखर खाल्ली होती आणि नाही म्हणाली होती. मी तिच्या फाडकन थोबाडीत दिली. तिला कोपऱ्यात उभं करून वदवून घेतलं: कुणी 'खरं सांग' म्हटलं की खरंच सांगायचं. माझेच शब्द. त्या माणसाने नेमके तेच वापरले. ट्रककडे जाताना तिने वळून माझ्याकडे पाहिलं. ती रडत नव्हती. शाबासकी मिळेल असं वाटत होतं तिला.

त्या सगळ्या आवारात खरं बोललेली ती एकटी. आणि तुझ्या अभ्यासात ती नाही. वाचलेल्यांपासून मोजायला सुरुवात केली की आठ वर्षांची मुलं हिशेबात येतच नाहीत. मग कसले आम्ही दीर्घायुषी!

सोबत वहीचं एक पान फाडून पाठवते आहे. त्यावर तुझं नाव मी लिहिलं आहे. साक्षीदार म्हणून मी सही केली आहे, शिंपीणकाकूंनीही केली आहे. तुझ्या बुटांतल्या चिंध्या त्यांच्याच वडिलांच्या दुकानातल्या होत्या. सांगितलेलं वय आणि खरं वय हे दोन रकाने मोकळे आहेत. ते तूच भर. समितीला पत्र लिही. नाही भरलंस तर पान परत पाठवू नकोस, जाळून टाक.

ताई

१२ मे

उंट्या,

पान आलं. आत चिठ्ठी नाही, एक शब्द नाही. लिफाफा उलटासुलटा करून झटकला.

ते पान मी फार वेळ बघत बसले. 'सांगितलेलं वय' खाली चौदा. 'खरं वय' खालीही तू आधी चौदा लिहिलं आहेस. मग ते खोडलं आहेस, इतकं की कागद फाटायला आला आहे. आणि शेजारी लहान अक्षरात, नऊ. म्हणजे तुलाही जमलं नाही पहिल्या झटक्यात. तुझ्या त्या भल्या थोरल्या खोलीत, दार लावून, समोर कुणी नसताना.

तुझं समितीला लिहिलेलं पत्र मुदतीच्या आदल्या दिवशी पोचलं. डॉक्टरीणबाईने बाकावरच्या सगळ्यांना वाचून दाखवलं. 'मी स्वतः त्या रांगेत होतो' या वाक्याशी ती थांबली, मास्तर म्हणाला, "पुन्हा वाचा." फेरमोजणी होईपर्यंत दवाखाना चालू राहणार. तेव्हापासून माणसं आपणहून येतात, वय सांगतात. काही अजून कुजबुजतात. वहीत तीनशे बारा ओळी झाल्या.

तुझं नाव तिकडे खाली येईल, सत्काराची शाल बोचेल, घरच्यांना उत्तरं द्यावी लागतील. वाईट वाटतंय असं म्हणणार नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं, आता तुलाही कळेल. मी तुला माफ केलं असंही समजू नकोस. आई खोकून खोकून गेली तेव्हा तू आला नाहीस, ते या एका पानाने फिटत नाही.

एक काम राहिलं आहे. वहीची पहिली ओळ मी पहिल्या दिवसापासून कोरी ठेवली होती. काल भरली. ठमी. सांगितलेलं वय आठ, खरं वय आठ. साहेब म्हणाला, मेलेल्यांच्या ओळी चालत नाहीत. मी म्हटलं, तुमच्यासाठी लिहिलेलीच नाही. पण नियम तोच ठेवला आहे, साक्षीदार दोन हवेत, तेव्हा ओळखणारे, जिवंत. आई नाही. पेंटर नाही. शिंपीणकाकू आणि मास्तर त्या दिवशी दुसऱ्या रांगेत होते, त्यांनी ऐकलं नाही.

एक सही मी केली आहे. दुसरी पोस्टाने चालणार नाही. डॉक्टरीणबाई माझ्या हृदयाचं चित्र बघून हल्ली गप्पा मारत नाही, तेव्हा फार उशीर करू नकोस.

ताई, वय सहासष्ट